पत्ता बदलतो, पाठ बदलत नाही

अमेरिकेत साधारणतः दर दोन वर्षांनी चौथी व आठवीच्या निवडक विद्यार्थ्यांची वाचन आणि गणित या विषयांत एक राष्ट्रीय चाचणी घेतली जाते. तिला तेथे ‘देशाचे प्रगतिपुस्तक’ असेच म्हणतात. गुण ५०० पैकी मोजले जातात. विद्यार्थ्याचे नाव कोठेही जाहीर होत नाही. जाहीर होते ती राज्याराज्याची सरासरी. सधन आणि सुशिक्षित अशा मॅसॅच्युसेट्स राज्याने या यादीत वर्षानुवर्षे मान राखलेला आहे. परंतु २०२२ साली, आणि पुन्हा २०२४ साली, चौथीचे वाचन, चौथीचे गणित, आठवीचे वाचन व आठवीचे गणित या चारही ठिकाणी पहिला क्रमांक कोणत्याच राज्याला मिळाला नाही. तो मिळाला लष्करी तळांवर चालणाऱ्या शाळांना.

२०२४ चे आकडे पाहण्यासारखे आहेत. आठवीच्या गणितात देशातील सार्वजनिक शाळांची सरासरी २७२, तर या शाळांची २९१. आठवीच्या वाचनात देशाची २५७, यांची २८२. चौथीच्या वाचनात देशाची २१४, यांची २३४. महामारीनंतर २०२२ मध्ये झालेल्या चाचणीत बहुतेक राज्यांचे गुण घसरले होते. त्या वर्षी आठवीच्या वाचनात पुढे सरकलेल्या शाळा याच. हे यश निवडक, हुशार मुलांना प्रवेशपरीक्षा घेऊन गोळा केल्याचे नाही. तळावर नेमणूक झालेल्या कुटुंबाचे मूल, एवढीच प्रवेशाची अट. त्यातही ही मुले सतत फिरती. बारावी होईपर्यंत सैनिकाच्या मुलाची शाळा सहा ते नऊ वेळा बदलते, असा तेथील सर्वसाधारण हिशेब आहे. शाळा एकदा बदलली तरी मूल मागे पडेल म्हणून बदली रद्द करून घेण्यासाठी धावपळ करणाऱ्या पालकांना हा निकाल थोडा विचारात पाडील.

या शाळा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या शिक्षण विभागाकडून चालवल्या जातात. एकूण सुमारे १६० शाळा आणि ६५ हजारांच्या आसपास विद्यार्थी. काही शाळा अमेरिकेतीलच मोठ्या छावण्यांत आहेत; पण निम्म्याहून अधिक शाळा परदेशी आहेत. जर्मनीत रामश्टाइन, वीसबाडेन, श्टुटगार्ट, इटलीत विचेन्झा, नेपल्स, स्पेनमध्ये रोटा, इंग्लंडमध्ये लेकनहीथ, जपानमध्ये योकोता, योकोसुका आणि ओकिनावा, दक्षिण कोरियात हम्फ्रीज. बेल्जियम, तुर्कस्तान, बहरीन, क्युबातील ग्वांतानामो येथेही या शाळा उभ्या राहिल्या. वर जी सरासरी दिली आहे ती देशी-परदेशी अशा सर्व शाळांची मिळून आहे.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या घरात लष्करी तळावरच्या शाळांचे एवढे कौतुक कशासाठी, असे कोणी विचारील, आणि ते विचारणे योग्यच आहे. तोफांचे आणि विमानांचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. ओकिनावाचेच उदाहरण घ्यावे. जपानच्या एकूण भूमीपैकी जेमतेम ०.६ टक्का भूमी या बेटांची. पण जपानमध्ये केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी असलेल्या जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा तेथे आहे. कुंपणाबाहेरच्या स्थानिक माणसांच्या मनात त्याविषयी दीर्घकाळ खदखद आहे, आणि ती खोटी नाही. परंतु कुंपणाच्या आत जे सहा वर्षांचे मूल दप्तर घेऊन निघते त्याने सैन्य निवडलेले नसते, देश निवडलेला नसतो, गावही निवडलेले नसते. त्या मुलाच्या शिक्षणाची घडी कशी बसवली गेली, एवढाच हा विषय आहे.

दुसरे महायुद्ध संपले आणि जर्मनी-जपानमध्ये अमेरिकी सैन्य मुक्काम ठोकून राहिले. १९४६ मध्ये सैनिकांच्या बायकामुलांना तेथे येऊन राहण्याची मुभा मिळाली. मुले आली म्हणजे शाळा हवी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीत शाळा सुरू झाल्या. जपानमध्येही तेव्हाच आरंभ झाला. पुढे कित्येक वर्षे भूदल, नौदल व हवाई दल आपापल्या शाळा स्वतंत्रपणे चालवत होते. १९७८ च्या कायद्याने परदेशातील शाळांना एकत्रित चौकट मिळाली आणि १९९२ मध्ये देशातील व परदेशातील शाळा एका विभागाखाली आल्या. तीन दुकानांच्या वह्या एका पेढीत आणण्यासारखेच ते काम होते, आणि तेवढाच वेळ त्याला लागला.

आता मूळ अडचणीकडे वळू. सैनिकाची बदली साधारणतः दोन-तीन वर्षांनी होते. चौथीतील एक मुलगी ओकिनावाच्या शाळेत आहे असे समजा. अपूर्णांकांचा पाठ पुढच्या महिन्यात शिकवला जाणार आहे. तेवढ्यात वडिलांची बदली टेक्सासला होते. तेथील गावच्या शाळेत अपूर्णांक मागच्याच महिन्यात संपले. मुलगी हुशार आहे, शिक्षक प्रेमळ आहेत, आईवडील दक्ष आहेत, आणि तरीही तिच्या गणितात एक भोक पडले. ते त्या वर्षी दिसत नाही. सातवीत बीजगणिताची ओळख होते तेव्हा दिसते, आणि तोपर्यंत तिची आणखी एक शाळा बदललेली असते. याची उलट बाजूही तितकीच खरी. एखादा मुलगा एकच इतिहास तीन गावांत तीनदा शिकतो आणि चौथ्या वेळी त्याला शाळेचाच कंटाळा येतो.

यावर या शाळांनी काढलेला तोडगा कागदावर अगदी साधा वाटतो. सर्व शाळांत एकच अभ्यासक्रम, एकाच क्रमाने, जवळपास एकाच गतीने. विचेन्झातील चौथीचा वर्ग आणि ओकिनावातील चौथीचा वर्ग एकाच सुमारास एकाच धड्यावर असावेत. मूल एका तळावरून दुसऱ्या तळावर गेले तर उद्या त्याच वहीचे पुढचे पान उलटावे. जैन पाठशाळेत जाणाऱ्या मुलांना यात नवल वाटणार नाही. सोलापूरच्या पाठशाळेत ज्या सूत्रापर्यंत मूल आले, पुण्याच्या पाठशाळेत त्याच्या पुढच्या सूत्रापासून त्याला सुरुवात करता येते, कारण गाव बदलले म्हणून प्रतिक्रमणाची सूत्रे बदलत नाहीत.

हे साधे काम पार पाडायला मात्र फार धीर लागला. २०१२ मध्ये या विभागाने अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेली समान शैक्षणिक मानके स्वीकारली. राज्ये तीच मानके घाईघाईने राबवत होती. काहींनी राजकीय गदारोळात ती दोन-तीन वर्षांत टाकूनही दिली. लष्करी शाळांनी घाई केली नाही. आधी शिक्षकांना तयार केले, मग २०१५ च्या सुमारास खालच्या वर्गांचे गणित बदलले, नंतर एकेक विषय आणि एकेक टप्पा घेत वर्षानुवर्षे ते पुढे नेले. वरिष्ठांचा आदेश खालपर्यंत पोहोचतो ही लष्कराची ख्याती आहे. पण येथे आदेशापेक्षा चिकाटी अधिक कामी आली असे दिसते. शाळेत नवा प्रयोग दरवर्षी करणे सोपे असते, एकच प्रयोग दहा वर्षे करणे अवघड.

भारतीय वाचकाला या ठिकाणी केंद्रीय विद्यालयांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. बदलीच्या नोकरीतील केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांची हीच अडचण ओळखून १९६२ च्या अखेरीस ती योजना मंजूर झाली आणि १९६३ मध्ये सैन्याच्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन तिचा आरंभ झाला. म्हणजे आपल्याकडेही मूळ बी छावणीतच रुजले. पुणे, देवळाली, अहिल्यानगर येथील छावण्यांच्या परिसरातून वाढलेली मुले या शाळा जाणतात. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान येथेही केंद्रीय विद्यालये आहेत. एकच पुस्तक, एकच वेळापत्रक आणि देशभर कोठेही प्रवेश, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच.

अभ्यासक्रम एकसारखा असल्याने सगळे साधले, असे मात्र मानता येणार नाही. व्यापारी घरातील माणूस नफ्याचा आकडा पाहिला की भांडवलाचा आकडा विचारतो. येथे भांडवल भक्कम आहे. न्यूयॉर्क टाइम्सने २०२३ मध्ये या शाळांवर दिलेल्या वृत्तान्तानुसार एका विद्यार्थ्यामागे वर्षाला सुमारे २५ हजार डॉलर खर्च होतो. अमेरिकेतील सर्वाधिक खर्च करणाऱ्या राज्यांच्या पंक्तीतील हा खर्च आहे. शिवाय शाळेबाहेरचे भांडवल वेगळेच. प्रत्येक मुलाच्या घरात निदान एका पालकाला पक्की नोकरी असते. डोक्यावर छप्पर असते. आजारी पडले तर दवाखान्याचे बिल पाहून कोणी घाबरत नाही. अमेरिकेसारख्या देशातही गरीब वस्तीतील शाळेला या तीन गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. भाडे थकले म्हणून रातोरात घर बदलणारे मूल आणि वडिलांच्या बदलीमुळे घर बदलणारे मूल, दोघेही शाळा बदलतात. पण दुसऱ्याच्या पाठीशी पगार उभा असतो.

तरीही केवळ पैशाने न उलगडणारी एक गोष्ट उरते. आठवीच्या वाचनात या शाळांतील कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांची सरासरी देशभरातील गोऱ्या मुलांच्या सरासरीपेक्षा वर गेली आहे. ज्यांचे आईवडील फक्त बारावीपर्यंत शिकलेले आहेत अशी येथील मुले वाचनात देशातील पदवीधर आईवडिलांच्या मुलांच्या बरोबरीला आलेली आहेत. त्यामागे इतिहासाचा एक धागा आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी जुलै १९४८ मध्ये सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. जानेवारी १९५४ मध्ये संरक्षण खात्याने तळांवरील शाळांतूनही तो काढून टाकण्यास सांगितले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा प्रसिद्ध निकाल त्यानंतर चार महिन्यांनी आला. तळावर सुभेदाराचे आणि कर्नलचे मूल एकाच बाकावर बसते. घराची किंमत पाहून शाळा ठरण्याची जी रीत अमेरिकेतील शहरांत आहे, तिला कुंपणाच्या आत जागा नाही.

सगळ्याच सैनिकांच्या मुलांना या शाळा मिळत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत परतल्यावर बहुसंख्य मुले गावच्या सार्वजनिक शाळेतच जातात. त्यांच्यासाठी २००८ पासून राज्याराज्यांत एक करार होत गेला आणि २०१४ पर्यंत सर्व ५० राज्ये त्यात सामील झाली. त्यातील तरतुदी वाचताना एखाद्या बदलीग्रस्त आईनेच त्या लिहिल्या असाव्यात असे वाटते. पालकाने हाती आणलेली अनधिकृत गुणपत्रिका नव्या शाळेने प्रवेशासाठी ग्राह्य धरावी. जुन्या शाळेने मूळ कागद दहा दिवसांत पाठवावेत. लसीकरण अपुरे असेल तर तीस दिवसांची मुदत द्यावी, तोवर मुलाला दारात उभे करू नये. मोठ्या शैक्षणिक धोरणांच्या भाषणांत अशा गोष्टी येत नाहीत. मुलाचे वर्ष वाचते ते मात्र अशाच गोष्टींमुळे.

परदेशातील तळांवरच्या शाळांचे रोजचे जीवन मजेशीर आहे. प्राथमिक वर्गांत यजमान देशाची भाषा आणि रीतिरिवाज शिकवायला त्या देशातीलच शिक्षक असतो. जपानमध्ये कागदाच्या घड्या, सण, अभिवादनाच्या पद्धती. जर्मनीत बाजारात जाऊन काय आणि कसे मागावे. एखाद्या लहान शाळेत उच्च गणिताला दोनच विद्यार्थी असले तर त्यांच्यासाठी शिक्षक कोठून आणायचा? २०१० पासून त्यासाठी एक दूरस्थ माध्यमिक शाळा चालते; विद्यार्थी एका खंडात, शिक्षक दुसऱ्या खंडात, आणि मध्ये घड्याळांची भांडणे. खेळांच्या स्पर्धा तर प्रवासवर्णनेच व्हाव्यात अशा. जपानच्या उत्तरेकडील मिसावाची मुले, दक्षिणेकडील ओकिनावाची मुले, कोरियाची आणि ग्वामची मुले ‘फार ईस्ट’ नावाच्या स्पर्धांसाठी समुद्र ओलांडून एकत्र येतात. कालचा प्रतिस्पर्धी पुढच्या वर्षी आपल्याच वर्गात येऊन बसण्याची शक्यता असल्याने भांडण फार ताणले जात नाही, असे म्हणायला हरकत नाही.

एप्रिल महिना या मुलांच्या नावाने पाळला जातो. १९८६ मध्ये तशी प्रथा संरक्षणमंत्र्यांनी सुरू केली. त्या महिन्यात एक दिवस मुले जांभळे कपडे घालून येतात, कारण सैन्याच्या सर्व दलांचे रंग एकत्र केले की जांभळा होतो असे मानतात. या मुलांचे प्रतीक म्हणून डँडेलियन हे पिवळे रानफूल घेतलेले आहे. त्याचे बी आपल्याकडच्या रुईच्या म्हातारीसारखे वाऱ्यावर उडते आणि पडेल तेथे रुजते. प्रतीक गोड आहे. पण उडण्याची इच्छा बियाने कोणाला सांगितलेली नसते, हेही त्यात आले.

या यादीतील देश जैन व्यापारी घरांना परके नाहीत. बेल्जियममधील अँटवर्पला हिऱ्याच्या व्यापारासाठी पालनपूरची जैन कुटुंबे स्थायिक झाली आणि विल्राइक येथे त्यांचे देखणे जिनालय उभे आहे. जपानमध्ये मोत्यांच्या व्यापाराच्या निमित्ताने कोबे येथे वसलेल्या कुटुंबांनी तेथेही मंदिर बांधले. त्यांचीही मुले परक्या भाषेच्या शाळेत गेली, घरी गुजराती, मारवाडी बोलत राहिली. फरक एवढाच की व्यापारी ज्या गावी गेला तेथे त्याने मुळे धरली, देरासर बांधले, पाठशाळा सुरू केली. सैनिकाला ते जमत नाही. बहरीनमध्ये मात्र दोन्ही जगे एका छताखाली आल्याचे दिसते. १९६८ मध्ये सुरू झालेल्या तेथील शाळेत सैनिकांच्या मुलांसोबत फी भरून स्थानिक आणि इतर देशांची मुलेही शिकत आली. बहरीनचे युवराज व पंतप्रधान सलमान बिन हमद अल खलिफा हे त्याच शाळेचे माजी विद्यार्थी.

या जीवनाची दुसरी बाजू कठोर आहे. २२ ऑक्टोबर १९६२ रोजी, क्युबातील क्षेपणास्त्रांचा पेच उघड होण्याच्या काही तास आधी, ग्वांतानामो तळावरील बायकामुलांना हातात मावेल तेवढे सामान घेऊन निघण्यास सांगण्यात आले. घरे तशीच उघडी राहिली. डिसेंबरमध्ये ती परत आली. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखी जागा झाला. क्लार्क हवाई तळ रिकामा केला गेला आणि तेथील वॅगनर हायस्कूल पुन्हा कधीच उघडले नाही. तिच्या माजी विद्यार्थ्यांना दाखवायला शाळा उरलेली नाही. मार्च २०१६ मध्ये सुरक्षेच्या कारणाने तुर्कस्तानातील इंजिर्लिक तळावरील कुटुंबांना निघण्याचा हुकूम आला. शैक्षणिक वर्ष संपायला अवघे दोन-तीन महिने होते. अशा वेळी एकच अभ्यासक्रम ही सोय राहत नाही, आधार होतो. जर्मनीच्या शाळेत दाखल झालेल्या मुलाला निदान पुस्तक तरी ओळखीचे भेटते.

सरकारच शाळेचे मालक असले की सरकारचे वारेही थेट वर्गात शिरतात. २०२५ च्या आरंभी नव्या प्रशासनाच्या आदेशांनंतर वंश आणि लिंगभाव या विषयांवरील अनेक पुस्तके या शाळांच्या ग्रंथालयांतून काढून घेण्यात आली, काही धडेही थांबले. फेब्रुवारीत श्टुटगार्ट येथे संरक्षणमंत्री भेटीस आले असताना मुले वर्गाबाहेर येऊन उभी राहिली. लष्करी शिस्तीत वाढलेल्या घरांतून हे घडले, म्हणून त्याची अधिक चर्चा झाली. एप्रिलमध्ये सहा कुटुंबांतील बारा विद्यार्थ्यांच्या वतीने न्यायालयात दावा दाखल झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्या मुलांच्या पाच शाळांत काढलेली पुस्तके परत ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. ज्या एकसूत्रीपणामुळे या शाळा वर आल्या, त्याच एकसूत्रीपणामुळे एका सहीने सगळ्या ग्रंथालयांतील कपाटे उघडली जाऊ शकतात. ही गोष्ट पालकांच्या त्या वर्षी प्रथमच ध्यानात आली असावी.

जूनमध्ये बारावीचे पदवीदान होते. लहान तळांवर वर्ग इतका छोटा असतो की सर्वांची नावे एका दमात वाचून होतात. मोहिमेवर दूर गेलेल्या आईला किंवा वडिलांना सोहळा पडद्यावर दिसावा यासाठी सभागृहात कॅमेरा लावलेला असतो; नाव पुकारले गेलेले मूल आधी प्रेक्षकांकडे पाहते, मग त्या कॅमेऱ्याकडे. खालच्या वर्गातील कित्येक मुलांच्या घरी त्याच आठवड्यात सामान बांधणारे लोक आलेले असतात. खोक्यांवर नव्या गावाचे नाव लिहिलेले असते, आणि दप्तर मात्र शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर ठेवलेले असते.